कोतवालाची वही

शाळा-कॉलेजातल्या प्रवेशाचे दिवस आले की विदर्भातल्या तहसील कार्यालयांत एका ठरावीक प्रकारचे अर्ज येऊ लागतात, मौद्यातही येतात. पणजोबांच्या जन्माची किंवा मरणाची नोंद असलेल्या पानाची नक्कल हवी असते. जातवैधतेला पुरावा लागतो, आणि पुरावा जितका जुना तितका भक्कम. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. मग अभिलेख कक्षातला एखादा बस्ता सोडला जातो आणि कडा झिजलेली, शाई तपकिरी पडलेली, कधी मोडीत तर कधी बाळबोधीत भरलेली वही समोर येते. तिला कोतवाल बुक म्हणतात, कोणी कोतवाल पंजी म्हणतात.

समाजशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी सामग्रीचे प्रकार शिकतो. स्वतः जाऊन गोळा केलेली ती प्राथमिक, दुसऱ्याने आधी गोळा करून ठेवलेली ती दुय्यम. आकड्यांत मावते ती संख्यात्मक, माणसाच्या बोलण्यात आणि वागण्यात राहते ती गुणात्मक. पुस्तकातली उदाहरणे बहुतेक शिकागोची, लंडनची, फार तर पुण्याची असतात. पण नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कन्हानच्या काठी वसलेल्या मौद्याच्या पंचक्रोशीत यातल्या प्रत्येक प्रकाराला दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास ज्यांनी पायी चालून घडवला, त्या माणसांचे नाव मात्र कोणत्याही संशोधन-ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही. त्यांत पहिला मान कोतवालाचा.

कोतवाल म्हणजे गावचा पहारेकरी आणि निरोप्या. मध्य प्रांताच्या सरकारी कागदांत तो ‘कोटवार’ आहे, मौद्याकडच्या बोलण्यात कोतवाल. नागपूरच्या मुलखात हे काम बहुतांशी महार समाजाकडे असे. काही गावांत गोंड किंवा इतर समाजांकडेही. मोबदला म्हणून हंगामात खळ्यावरचे धान्य. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत उभा राहिला, आणि त्यानंतरच्या दशकांत गावोगावच्या जन्ममृत्यूची खबर सरकारात पोचवण्याची रीत हळूहळू बसत गेली. खबर पोचवायची कोतवालाने. अरोली असो, तारसा असो की कोदामेंढी, गावात कोणाच्या घरी मूल जन्मले, कोण गेले, कशाने गेले, हे त्याने लक्षात ठेवायचे, वहीत उतरवून घ्यायचे आणि ठरलेल्या वारी पोलीस ठाण्यात नेऊन दाखवायचे.

उतरवून घ्यायचे, कारण कोतवालाला बहुधा लिहिता येत नसे. त्याला शाळेच्या वाटेवर कोणी उभे केले नव्हते. वहीत लिहीत शाळामास्तर, पटवारी, कधी मालगुजाराचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकाचा, कारकून. म्हणजे जे पान आज जातपडताळणी समितीसमोर उघडले जाते, त्यावर अक्षर एकाचे आहे आणि साक्ष दुसऱ्याची. मुलाखत घेणारा, उत्तर देणारा आणि टिपणारा हे तिघे वेगळे असले की माहितीत काय फरक पडतो, यावर समाजशास्त्रात बरेच लिहिले गेले आहे. इथे तो प्रश्न रोजचाच होता. गावच्या सर्वांत खालच्या पायरीवर ठेवलेला माणूस सर्वांत वरच्या वाड्यातल्या मरणाची बातमी सांगत होता, आणि सरकारच्या लेखी तीच बातमी खरी मानली जात होती.

एखाद्या पानाकडे जवळून पाहावे. रकाने थोडेच: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर वय आणि रोग. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच. बारसे व्हायच्या आधीच खबर ठाण्यात गेलेली असते, त्यामुळे अमक्याच्या घरी मुलगा, जात अमुक, एवढ्यावरच ओळ संपते. आईचे नाव तर क्वचितच. आज नातवाला सिद्ध करावे लागते की हा ‘मुलगा’ म्हणजे आपलाच आजा. मग शाळेचा दाखला, वंशावळ, जमिनीचा कागद असे एकावर एक पुरावे रचावे लागतात. एकाच गोष्टीची दोन-तीन वेगळ्या वाटांनी खातरजमा करणे हा संशोधनपद्धतीच्या पुस्तकातला एक अख्खा धडा आहे. विदर्भातली साधी कुटुंबे तो नाइलाजाने गिरवत आली आहेत.

मृत्यूच्या बाजूला सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘ताप’. हिवताप, विषमज्वर, बाळंतज्वर, न्यूमोनिया, सगळे त्या एका रकान्यात. पटकी ओळखू येई, देवी ओळखू येई, साप चावला की कळे. बाकी सगळा ताप. प्रांताच्या आरोग्य अहवालांत वर्षानुवर्षे तापाने मेलेल्यांची जी प्रचंड संख्या छापली गेली, तिचा उगम कुठल्या तरी कोतवालाच्या तोंडून निघालेल्या या एका शब्दात आहे. तो खोटे बोलत नव्हता. मेलेल्या माणसाचे अंग तापले होते, हे त्याने पाहिलेले असे. वर्गीकरण मात्र वर बसलेल्यांनी ठरवलेले होते, आणि त्या चौकटीत वैद्याशिवाय जगणाऱ्या गावाला याहून जास्त सांगता येण्याजोगे नव्हते.

तरीही ही वही कमी दर्जाची म्हणून बाजूला टाकता येत नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली जन्ममृत्यूची नोंद त्या काळच्या हिंदुस्थानात तुलनेने बरी मानली जाई. तपासाची सोयही होती: देवी टोचणारा गावात आला की लहान मुलांचा शोध घेई, आणि वहीत राहून गेलेले मूल तिथे उघडे पडे. पुढे टिम डायसन या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १८८१ ते १९८० या काळातल्या वऱ्हाडच्या लोकसंख्येचा इतिहास मांडला, तो अशाच गावपातळीवरून वर गेलेल्या नोंदींच्या आधारावर. लंडनमध्ये बसून काढलेल्या त्या आलेखांच्या मुळाशी अनवाणी पायांची चाल होती, हे विसरता कामा नये.

दुष्काळात या चालीची परीक्षा झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. १८९१ ते १९०१ या दशकात प्रांताची लोकसंख्या आठ टक्क्यांहून थोडी अधिक घटली. नागपूर जिल्हा इतर काही जिल्ह्यांच्या मानाने सावरला; १९०१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी. अशा वेळी नोंदच कोलमडते. माणसे गाव सोडून खडी फोडायच्या कामांवर जातात, वाटेत मरतात, आणि रस्त्यावर मेलेल्याची खबर कोणत्या गावच्या कोतवालाने द्यायची, हे ठरलेले नसते. १९१८ च्या पावसाळ्यानंतर एन्फ्लुएंझा आला तेव्हा खबर देणारेच आजारी पडले. देशातल्या सर्वांत जास्त हानी झालेल्या प्रांतांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता, आणि १९११ ते १९२१ या दहा वर्षांत त्याची लोकसंख्या जिथल्या तिथे राहिली. त्या दोन-तीन महिन्यांतले खरे मृत्यू किती, याचा हिशोब नंतर जनगणनेच्या दोन आकड्यांतल्या फरकावरून लावावा लागला. एक सामग्री तुटली की दुसरीने ती सांधायची, ही रीत इथे संकटाने शिकवली.

कोतवालाची वही रोजची. जनगणना दहा वर्षांतून एकदाची. १८६६ मध्ये मध्य प्रांताने स्वतःपुरती एक शिरगणती करून घेतली होती, म्हणजे देशभरची पहिली जनगणना १८७२ च्या आसपास झाली त्याच्याही आधी. १८८१ पासून १९३१ पर्यंतची पद्धत अशी की सगळ्या देशाची मोजणी एकाच रात्री पुरी करायची. तारखा निवडताना चांदणे पाहिले जाई. १७ फेब्रुवारी १८८१, २६ फेब्रुवारी १८९१, १ मार्च १९०१, १० मार्च १९११, १८ मार्च १९२१, २६ फेब्रुवारी १९३१. आधीचे काही आठवडे गावात फिरून दारांवर गेरूने घरक्रमांक टाकायचे, प्राथमिक नोंद करून ठेवायची, आणि त्या रात्री पुन्हा दारोदार जाऊन कोण आले, कोण गेले, कोण जन्मले एवढे दुरुस्त करायचे. हे काम पटवाऱ्याचे, शाळामास्तराचे, लिहिता येणाऱ्या कोणाचेही. कंदील धरून पुढे चालणारा पुन्हा कोतवालच.

मौदा ज्या रस्त्यावर आहे त्याचे इंग्रजी अमदानीतले नाव ग्रेट ईस्टर्न रोड. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हा राजरस्ता. अशा रस्त्यांवर आणि नदीच्या घाटांवर मोजणीच्या रात्री वेगळी व्यवस्था लागे, कारण बैलगाड्यांचे तांडे, यात्रेकरू, बाजारकरी यांना घरक्रमांक नसतो. ज्याला घर आहे त्याला मोजणे सोपे. वाटेवरच्या माणसाला मोजणे तेव्हाही अवघड होते आणि ऊस तोडायला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या माणसाच्या बाबतीत आजही अवघडच आहे.

१९०१ च्या मोजणीत एक मोठा बदल झाला. प्रत्येक माणसाची माहिती मोठ्या तक्त्यातून एका सुट्या चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठ्या खणांत टाकून मोजायच्या. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग वेगळा. जर्मनीतल्या बव्हेरियाकडून आलेली ही युक्ती. यंत्राविना लाखो माणसांची वर्गवारी त्यामुळे जमली. त्याच वेळी एक गोष्ट पक्की झाली: प्रत्येक माणूस एका रंगाचा, एका खणातला. दोन खणांच्या सीमेवरच्या माणसाला चिठ्ठीत जागा नव्हती.

मध्य प्रांतात ही १९०१ ची मोजणी रॉबर्ट व्हेन रसेल यांच्या देखरेखीखाली झाली. नागपूर जिल्ह्याचे १९०८ चे गॅझेटियर त्यांनीच संपादित केले, आणि त्यांचा चार खंडांचा मोठा ग्रंथ ‘द ट्राइब्स अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ १९१६ मध्ये निघाला. तो पाहायला रसेल उरले नव्हते. डिसेंबर १९१५ मध्ये भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ जहाजावर टॉर्पेडोचा मारा झाला, त्यात ते बुडाले. ग्रंथावर दुसरे नाव आहे रायबहादूर हिरालाल यांचे, आणि ते शोभेपुरते नाही. कटनी-मुरवाड्याचा हा विद्वान गावोगावच्या बोली, शिलालेख आणि जातिकथा जाणणारा होता. ग्रंथातल्या प्रकरणांच्या तळटिपा वाचल्या की पद्धत उलगडते: अमुक तहसीलदाराने पाठवलेले टिपण, तमुक शाळा-तपासनिसाचा मजकूर, एखाद्या वकिलाचे पत्र. प्रश्नावली वरून खाली गेली आणि उत्तरे खालून वर आली. मधल्या प्रत्येक हाताने काही गाळले, काही घातले. तहसीलदार ज्याला विचारी तो गावचा प्रतिष्ठित माणूस असे, म्हणून एका जातीविषयीची पुष्कळ माहिती दुसऱ्या जातीच्या तोंडून आलेली आहे. हे ध्यानात ठेवून वाचले तर रसेल-हिरालाल आजही सोन्याची खाण आहेत. ध्यानात न ठेवता उतारे उचलले तर त्यांतून अन्याय होतो, आणि न्यायालयीन कागदांत तसे उतारे कमी उचलले गेलेले नाहीत.

ऐकीव माहिती मिळवण्याची याहून जुनी आणि वेगळी रीत स्टीफन हिस्लॉप यांची. स्कॉटलंडचे हे मिशनरी १८४० च्या दशकात नागपुरात आले, मराठी शिकले, गोंडी समजून घेतली. गोंडांच्या लिंगोची कथा त्यांनी परधान गायकाकडून ऐकून उतरवून घेतली. कथा ज्यांची होती त्यांच्याच मुखातून ती घ्यायची, हा त्यांचा दंडक. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. त्याही आधी, १८२७ मध्ये, रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचा नागपूर राज्याचा अहवाल निघाला होता. त्यासाठीची माहिती देशी माणसांनी पुरवली. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिलेली नागपूरकर भोसल्यांची बखर जेंकिन्स यांच्याच सांगण्यावरून तयार झाली. गावचा हिशोब तेव्हा पांड्याच्या दप्तरात असे, आणि पाटील-पांड्यांच्या त्या दप्तरांवाचून रेसिडेंटला खेड्यातले काहीच दिसले नसते.

सारा-बंदोबस्ताच्या निमित्ताने तर गावाचा कणन् कण टिपला गेला. नागपूर जिल्ह्याचा १८९० च्या दशकातला बंदोबस्त रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी केला. पुढे ते प्रांताचे चीफ कमिशनर झाले. जमीन मोजायची, ती काळी की मोरंड, खरडी की बरडी हे ठरवायचे, धुरे कुठे, बांध्या किती, पाणी कुठून येते, गावापासून शेत किती दूर, या सगळ्यांना अंक द्यायचे. मातीची नावे शेतकऱ्यांची होती. त्यांना गुणांक सरकारने लावले. गुणात्मक माहितीचे संख्येत रूपांतर करण्याचा इतका मोठा प्रयोग या भागात त्याआधी झाला नव्हता. त्यातून ठरला तो सारा. म्हणूनच मोजणीदारासमोर शेतकऱ्याने आपली मोरंड खरडी म्हणून सांगण्यात त्याचे हित होते, आणि मोजणीदाराला ते ठाऊक होते.

या बंदोबस्ताच्या कागदांतला सर्वांत जिवंत कागद म्हणजे वाजिब-उल-अर्ज. गावाच्या वहिवाटी त्यात नोंदवलेल्या असतात. मालगुजाराच्या तलावात मासे कोणी धरायचे, पाळीचे पाणी कोणत्या क्रमाने सोडायचे, कोणाच्या शेतातून कोणती पायवाट जाते, गुरे कुठे चरायची, मोहाची फुले कोणी वेचायची, मढे कुठे जाळायचे किंवा पुरायचे. पूर्व विदर्भात ज्यांना मामा तलाव म्हणतात, त्या मालगुजारी तलावांभोवतीचे सगळे जगणे या नोंदींत सापडते. कुठल्याही समाजशास्त्रज्ञाला सहा महिने गावात राहूनही कदाचित मिळणार नाही असा हा ऐवज. गावकऱ्यांना समोर बसवून, वाद ऐकून, मग उतरवलेला. अर्थात वाद ऐकताना मालगुजाराचा आवाज मोठा असे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली तेव्हा निस्तार पत्रक, म्हणजे चराई-जळणासारख्या सामाईक हक्कांची नोंद, आणि वाजिब-उल-अर्ज हेच रयतेच्या हक्कांचे आधार उरले. महाराष्ट्राच्या महसूल संहितेत कलम १६१ आणि १६५ मध्ये ते आजही आहेत.

मालगुजारी संपल्यावर सहा वर्षांच्या आतच या सगळ्या नोंदींना एक धक्का बसला, आणि तो नागपुरातूनच बसला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्म स्वीकारला. मौद्याच्या आसपासच्या गावांतले लोक त्या वाटेने नागपूरला गेले नसते तरच नवल. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. जगाच्या जनगणनांच्या इतिहासात एका रकान्यातला असा बदल दुर्मीळ आहे. या बदलाचा अर्थ मौद्याकडच्या वहीच्या अंगाने पाहिला तर आणखी खोल जातो. ज्या महार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या जाती, जन्म आणि मरणे सरकारपर्यंत पोचवली, त्याच समाजाने आता स्वतःविषयीचा रकाना स्वतः भरला. आतापर्यंत ते नोंदवले जात होते. १९६१ मध्ये मोजणीदार दारात आल्यावर त्यांनी आपला धर्म ठणकावून सांगितला.

सगळ्यांनीच सांगितला असे मात्र नाही. बौद्ध लिहिले तर अनुसूचित जातीच्या सवलती जातील, ही भीती खरी होती. केंद्राने बौद्धांना त्या सवलती लागू केल्या त्या १९९० मध्ये. तोवर कित्येक घरांत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि कागदावर जुने नाव, असे चालले. उत्तर देणाऱ्याला त्या उत्तराचे परिणाम भोगायचे असतात. त्यामुळे जनगणनेचा आकडा वाचताना त्या काळचा कायदा शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

धर्माच्या रकान्याची दुसरी मर्यादा खुद्द मौद्यात दिसते. महानत्यागी बाबा जुमदेव यांच्या परमात्मा एक सेवक मंडळाचा आश्रम इथे आहे. नागपूर-भंडारा पट्ट्यात या मार्गाचे सेवक गावोगाव आहेत. चार तत्त्वे, तीन शब्द आणि पाच नियम ही त्यांची शिस्त, आणि व्यसन सोडणे ही तिची पहिली अट. कित्येक घरांतली दारू या मार्गाने सुटली. घरातल्या बाईच्या दृष्टीने आयुष्य बदलून टाकणारी ही घटना आहे. जनगणनेच्या तक्त्यात तिचा मागमूस नाही, कारण तिथला खण धर्माचा आहे, मार्गाचा नाही. इथे आकडेवाल्याचे काम थांबते आणि बैठकीत जाऊन बसणाऱ्या, घरात चहा घेत ऐकणाऱ्या अभ्यासकाचे काम सुरू होते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे पाहणीची रीतच पालटली. प्रत्येकाला विचारण्याऐवजी थोड्यांना विचारायचे, पण ते थोडे निवडताना मर्जी चालू द्यायची नाही. पिकाचा अंदाज तोवर आणेवारीने होई. पटवारी बांधीवर उभा राहून सांगे, पीक आठ आणे की दहा आणे. १९४० च्या दशकात पांडुरंग सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी यादृच्छिक निवडलेल्या तुकड्यात पीक प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून पाहण्याची पद्धत देशभर रुजवली. आजही धानाच्या बांधीत दोरी लावून दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखला जातो, आणि तो शेतातल्या कोणत्या कोपऱ्यापासून किती पावलांवर घ्यायचा हे आकड्यांच्या तक्त्यावरून ठरते. पीकविम्याचे पैसे त्या तुकड्यावर अवलंबून असतात, त्यामुळे दोरी धरताना शेतकऱ्याची नजर ढळत नाही.

त्याच्या जरा आधी वर्ध्याहून जे. सी. कुमारप्पा यांनी मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारसाठी ग्रामोद्योगांची पाहणी केली. अहवाल १९३९ मध्ये निघाला. शेकडो खेडी, घाणी किती, माग किती, पोटाला काय मिळते, असे प्रश्न. गुजरातेतल्या मातर तालुक्याच्या पाहणीचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सारा वसूल करण्यासाठी विचारणारा आणि पोट भरते का हे पाहण्यासाठी विचारणारा, यांना एकच गाव वेगळे दिसते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या देशातल्या मोजक्या केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. मौद्यातल्या एखाद्या घराने महिन्याला किती तेल-मीठ वापरले, याचे उत्तर चाळीस किलोमीटरच्या आत संगणकात शिरते.

मौद्याचा अलीकडचा मोठा बदल औष्णिक वीजकेंद्राचा. एनटीपीसीचे हे केंद्र २०१२ नंतर टप्प्याटप्प्याने सुरू झाले. ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण २३२० मेगावॉट. पाणी गोसीखुर्दचे. जमीन जाते तेव्हा सामाजिक-आर्थिक पाहणी होते: कुटुंबात किती माणसे, किती एकर, झाडे किती, विहीर आहे का. या प्रश्नांची उत्तरे नुकसानभरपाईत बदलतात. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याचे नुकसान लिहिता येते. दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणाऱ्या बाईचे, गुरे राखणाऱ्याचे, नदीत मासे धरणाऱ्या ढिवराचे नुकसान लिहायला रकाना शोधावा लागतो. इथे वाजिब-उल-अर्ज पुन्हा आठवतो: शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कागदात भूमिहीनाच्या चराईला आणि वाटेला निदान एक ओळ होती.

जुन्या नोंदींना नवा जन्म मिळतो तो आरक्षणाच्या वादांतही. कोष्टी हे हलबा जमातीत मोडतात का, या वादात नागपूर खंडपीठापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दशकानुदशके जुनी पाने फिरली. २८ नोव्हेंबर २००० रोजी घटनापीठाने मिलिंद खटल्यात निकाल दिला की राष्ट्रपतींच्या आदेशातली यादी आहे तशीच वाचायची, पुराव्याने तिच्यात भर घालता येत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला तेव्हा राज्यभरचे बस्ते सुटले, आणि तपासायच्या कागदांत कोतवाल बुक होतेच. साथीचा माग लागावा म्हणून सुरू झालेली वही आरक्षणाचा पुरावा ठरली. ती भरणाऱ्याला याची कल्पना असणे शक्य नव्हते. ‘जात’ हा शब्द ऐकून त्याने गावात जे म्हणतात ते सांगितले. कधी पोटजात, कधी धंदा, कधी आडनाव.

महाराष्ट्रात एकाच गावाकडे पुन्हा वळून पाहण्याचा धडा लोणीकंदने घालून दिला. पुण्याजवळच्या या गावाचे वर्णन थॉमस कोट्स या डॉक्टरने १८२० च्या सुमारास केले होते, गो. स. घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासले आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कोट्सच्या हाती होती ती स्वतःची टिपणे. मौद्याकडच्या कुठल्याही खेड्यासाठी त्याहून कितीतरी अधिक आहे: बंदोबस्ताची मिसल, वाजिब-उल-अर्ज, कोतवालाची वही, जनगणनेचे गावनिहाय आकडे, पुनर्वसनाची पाहणी. त्यात येत्या जनगणनेचीही भर पडेल. तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, १९३१ नंतर प्रथमच तीत सर्व जाती नोंदल्या जाणार आहेत, आणि लोकांना आपली माहिती मोबाइलवरून स्वतः भरण्याचीही सोय आहे.

१९६९ च्या कायद्यानंतर जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे गेली. जुन्या पद्धतीने वही घेऊन ठाण्याला गेलेले शेवटचे कोतवाल किंवा त्यांचे बोट धरून गेलेली मुले अजून काही गावांत आहेत. वये सत्तर-ऐंशीच्या पुढची. कोतवालाला आता महसूल सेवक म्हणतात, तेव्हा त्यांना विचारताना जुनेच नाव घ्यावे लागेल. नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी क्षेत्रभेटीला बाहेर पडतात. त्यांनी मौद्याकडे वळावे आणि या म्हाताऱ्यांसमोर बसावे. ठाण्याचा वार कोणता असे, वहीत कोण लिही, ठाण्यात बसायला सांगत की उभेच ठेवत, लिहिणाऱ्याने चुकीचे लिहिले तर कळत असे का, आणि स्वतःच्या घरातली नोंद कोण सांगत असे?